देवानं पाठ फिरवली तेव्हा : नामदेव, औंढा आणि कच्चं मडकं

हदगावात या विषयावर बोलायचं म्हणजे आम्हाला थोडा संकोच वाटतो, कारण ज्या रस्त्याबद्दल बोलायचं आहे तो तुमच्या दारावरून जातो. इथून बाळापूर, कळमनुरी करत हिंगोली गाठायची आणि पुढे औंढ्याला जायचं. वाटेत कयाधू लागते. त्याच कयाधूच्या काठी नर्सी आहे, नामदेवांचं गाव. हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला, पण कयाधूला ते कुणी कळवलेलं दिसत नाही, ती पूर्वीसारखीच पैनगंगेकडे येते.

संयोजकांनी आम्हाला सांगितलं होतं की 'ईश्वरविरह आणि आत्मजाणीव' यावर तत्त्वज्ञानाच्या अंगानं बोला. आम्ही म्हटलं, बोलतो, पण इतिहासाच्या वाटेनं. पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवल्यावर एक गोष्ट कळली आहे की नुसतं तत्त्वज्ञान बोलायला लागलं की आमचे पाय जमिनीवरून सुटतात. श्रोते माना डोलावतात आणि घरी जाताना विचारतात, सर काय म्हणत होते?

तर विषय साधा आहे. 'देवानं टाकलं.' हे वाक्य आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलं आहे आणि पुष्कळांनी म्हटलंही आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, हाताशी आलेला गहू-हरभरा आडवा झाला, तेव्हा बांधावर बसून माणसं हेच म्हणत होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात हेच ऐकू येतं. गंमत बघा, 'देव नाही' असं ही माणसं म्हणत नाहीत. नास्तिकाला देवानं टाकण्याचं दुःख नसतं. ज्याचा देव आहे, त्यालाच तो टाकून जाऊ शकतो. म्हणून हे दुःख श्रद्धेच्या बाहेरचं नाही, श्रद्धेच्या पोटातलं आहे.

आम्हाला हा प्रश्न पुस्तकातून पडला नाही. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगाव गणपती बोळवून, गुलालानं माखलेली माणसं रात्री उशिरा झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. ते माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

चार-पाच दिवसांनी आम्ही कॉलेजच्या पोरांना घेऊन त्या भागात मदतीला गेलो होतो. पाऊस सुरू होता. एक म्हातारे गृहस्थ दगड उपसत होते. भांडी शोधत असावेत. कुणीतरी त्यांना सांगितलं की हे फिलॉसफीचे सर आहेत. ते थांबले आणि म्हणाले, "मग सर, येवढं सांगा. रातच्याला आमी त्येला गुलाल उधळीत पाण्यात सोडलं, आन् पाटं त्येनं आमाला असं मातीत सोडलं. कामून?"

आम्ही काय केलं सांगू? आम्ही त्यांना संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण समजावून सांगायला लागलो. खरंच सांगतो. त्यांनी दोनेक मिनिटं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि पुन्हा दगड उपसायला लागले. त्या 'बरं'ची लाज आम्हाला अजून वाटते. त्यानंतर आम्ही नामदेवांकडे नव्यानं वळलो. त्याआधी आमच्या लेखी नामदेव म्हणजे गोड भक्त, आणि विचार करायचा तर ज्ञानेश्वर, अशी वाटणी होती. विद्यापीठातल्या पुष्कळ लोकांची असते.

आता नामदेवांकडे येऊ. परंपरेनुसार जन्म १२७०, समाधी १३५०. जन्म नर्सीचा की पंढरपूरचा यावर वाद आहे, आणि हदगावात उभं राहून आम्ही त्यात पडणार नाही. जात शिंप्याची. दुसरी एक अडचण आधीच सांगून टाकतो. नामदेवांच्या नावावरच्या गाथेत पुढच्या काळातल्या नामदेवांची, विशेषतः विष्णुदास नाम्याची रचना मिसळली आहे असं अभ्यासक सांगतात. महिपतींचा 'भक्तविजय' १७६२ चा, म्हणजे नामदेवांनंतर चारशे वर्षांनी लिहिलेला. तेव्हा आम्ही जे सांगणार आहोत त्यातलं बरंचसं परंपरेनं सांगितलेलं आहे, कुणी जागेवर बसून टिपून ठेवलेलं नाही. पण लोकांनी ही गोष्ट शतकानुशतकं कीर्तनात का सांगितली, कशाची गरज म्हणून सांगितली, हा इतिहासाचाच प्रश्न आहे.

लहानपणची कथा सगळ्यांना माहीत आहे. वडील गावाला गेलेले, आईनं नाम्याच्या हातात नैवेद्य दिला. पोरगं देवासमोर बसून राहिलं, देव जेवेना. मग ते डोकं आपटायला निघालं, तेव्हा विठ्ठल जेवला. गोड कथा आहे. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथं एक खडा लागतो. या पोराचा देव कसा आहे? तो देवळात आहे, समोर आहे, माझ्याशी बोलतो, माझ्या हातचं खातो. तो माझा आहे. ज्याचा देव इतका जवळ, इतका खाजगी, त्याला तो दुरावण्याची भीतीही तेवढीच मोठी.

आणि तसंच झालं. तेराव्या शतकाच्या शेवटच्या दशकातली गोष्ट. संतमंडळी जमली होती. पुष्कळ कथनांत हे तेरला, गोरोबाकाकांच्या घरी घडतं. तेर म्हणजे आपल्याच मराठवाड्यातलं, आज धाराशिव जिल्ह्यात. मुक्ताबाईंनी काकांचं थापटणं पाहिलं आणि विचारलं की हे काय आहे? काका म्हणाले, यानं मडकं थापटून बघतात, पक्कं की कच्चं ते. मग म्हणे आम्हालाही थापटून बघा. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे गप्प बसून राहिले. नामदेवांच्या डोक्यावर बसलं तसे ते चिडले. काकांनी निकाल दिला : हे मडकं कच्चं आहे.

ज्यांनी कुंभाराचं काम जवळून पाहिलं आहे त्यांना यातली मेख कळेल. कच्चं मडकं दिसायला पक्क्यासारखंच असतं. आकार तोच, कधी कधी जास्त सुबक. वाजवलं की कळतं, आणि पाणी ओतलं की जास्तच कळतं, कारण ते विरघळायला लागतं. कच्चं म्हणजे खोटं किंवा वाईट असं नाही. त्याला अजून जाळ लागलेला नाही एवढंच.

आणि परीक्षा घेणारा कोण आहे तेही बघा. गोरा कुंभार. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना ज्यांच्या पायाखाली स्वतःचं तान्हं मूल गेलं, असं परंपरा सांगते, ते गोरोबा. ते थापटणं सुखवस्तू माणसाच्या हातात नव्हतं. कीर्तनकार हा प्रसंग विनोदी करून सांगतात, लोक हसतात. हसावं, पण थापटणं कुणाच्या हातात आहे ते विसरू नये.

नामदेव रडत पंढरपूरला गेले. दुसरं कुठं जाणार? लहानपणापासून एकच दार माहीत. देवाला म्हणाले, बघ मला काय म्हणतात. आणि इथं विठ्ठलानं त्यांची बाजू घेतली नाही. सांगितलं, ते बरोबर बोलतात, तू विसोबा खेचरांकडे जा.

आमच्या मते नामदेवांच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण क्षण हा आहे. मंडळीत अपमान झाला ते सोसता येतं. पण ज्याच्या जिवावर आपण सगळं केलं, त्यानंच म्हणावं की तू माझ्याकडे येऊ नकोस, दुसरीकडे जा? 'देवानं टाकलं' याची इतकी सरळ नोंद आम्हाला दुसरीकडे क्वचितच सापडली. आणि धाडलं कुठं? औंढ्याला, नागनाथाच्या ठिकाणी. म्हणजे शैवांच्या घरी, नाथांच्या परंपरेतल्या माणसाकडे. एका वैष्णवाला त्याच्या स्वतःच्या देवानं घराबाहेर काढून दुसऱ्याच्या अंगणात पाठवलं.

हे विसोबाही काही साधं प्रकरण नाही. परंपरा सांगते की हे आधी ज्ञानेश्वर भावंडांना छळणारे गृहस्थ. मांडे भाजायला भांडं मिळू नये अशी तजवीज करणारे ते हेच. पुढे पश्चात्ताप होऊन बदलले. म्हणजे गुरू असा मिळाला की ज्यानं स्वतः एकदा दार बंद करून पाहिलं होतं.

पुढचा प्रसंग तुम्हाला पाठ आहे. नामदेव देवळात पोचले तर एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून पडलेला. नामदेव संतापले. म्हातारा म्हणाला, बाबा, माझ्यात त्राण नाही, जिथं पिंड नसेल तिथं तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतात तिथं पिंड उगवते. गुरू नानकांची मक्केतली कथा याच घाटाची आहे. अशा कथा प्रवास करतात.

आता यावर जरा थांबू. व्याख्यानात सर्वसाधारणपणे इथं सांगतात की देव सर्वत्र आहे, आणि पुढे जातात. पण देव सर्वत्र आहे हे नामदेवांना आधी माहीत नव्हतं का? ज्ञानेश्वरांच्या सोबत तीर्थयात्रा केलेला माणूस. 'ज्ञानेश्वरी' १२९० ची. हे वाक्य त्यांनी शंभर वेळा ऐकलं असणार, कीर्तनात स्वतः म्हटलं असणार. मग औंढ्यात नवीन काय घडलं?

आम्हाला असं वाटतं की तिथं ते वाक्य हातांनी कळलं. पाय उचलायचे, ठेवायचे, पुन्हा उचलायचे. 'इथं देव नाही' अशी एक तरी जागा शोधायची, या खटाटोपात त्यांना घातलं. आणि तशी जागा मिळेना. टाकून जायचं म्हटलं तर त्याला कुठंतरी जावं लागतं ना? बाप लेकराला टाकून गेला म्हणजे तो या गावातून त्या गावी गेला. ज्याला जायला दुसरं गावच नाही, तो टाकून जाणार कसा? नामदेवांना टाकून गेला तो त्यांच्या मनातला, ठरावीक विटेवरचा, फक्त त्यांच्या हातचं जेवणारा देव. तो जाणंच भाग होतं. गेल्यावर जो रडत होता, ज्याला ते रिकामेपण कळत होतं, ती कळण्याची जागा मात्र कुठं गेली नव्हती. आत्मजाणीव हा शब्द आम्ही या अर्थानं वापरतो. डोळे मिटून प्रकाश दिसणं वगैरे नव्हे. कुणाला दिसत असेल तर आमची हरकत नाही.

औंढ्याचं देऊळ ज्यांनी पाहिलं आहे त्यांनी आठवून बघावं. बाहेर केवढं कोरीव काम. खालचा काळा दगड जुना यादवकालीन, वरचा पांढरा भाग नंतरचा. देव मात्र वर नाहीच. अंगाची घडी करून, वाकून, खाली तळघरासारख्या गाभाऱ्यात उतरावं लागतं. आम्हाला आता गुडघ्यांमुळे जमत नाही. मागच्या खेपेला एका पोलिसानं हात धरून उतरवलं आणि वर म्हणाला, "सर, येताना आवाज द्या."

याच देवळाची दुसरी कथा आहे. नामदेवांना कीर्तन करताना तिथल्या लोकांनी हटकलं, मागच्या बाजूला जायला सांगितलं, आणि ते मागे जाऊन बसले तसं देऊळच फिरलं. शिवमंदिरात नंदी समोर असतो, औंढ्यात तो मागच्या अंगाला दाखवतात, तो याच कथेचा पुरावा म्हणून. असाच प्रसंग गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांच्या एका पदात आला आहे. हसत-खेळत देवळात आलेल्या भक्ताला जात पाहून उठवलं जातं आणि देऊळ त्याच्याकडे तोंड करतं. त्या पदात गावाचं नाव नाही, औंढेकर म्हणतात ते आमचंच.

आपण 'देवानं पाठ फिरवली' म्हणतो ना? या कथेत देवानं खरोखर पाठ फिरवली. पण कुणाकडे? जे गाभाऱ्याजवळ बसले होते त्यांच्याकडे. आणि ज्याला वाटत होतं की आपल्याला हाकललं, त्याच्यासमोर तोंड आलं.

आता एक शंका, जी आम्ही स्वतःलाच विचारतो. पुरोहितांनी उठवलं हे देवानं टाकणं आहे का? मुळीच नाही. ते माणसांनी टाकणं आहे, देवाच्या नावानं. चोखोबांचं उदाहरण घ्या. आयुष्यभर देवळाच्या बाहेर. मंगळवेढ्याला वेशीचं बांधकाम करताना भिंत कोसळून गेले, परंपरेनं १३३८ साली. नामदेव तिथं गेले, ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधल्या, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची असं मानून पंढरपूरला आणल्या. किल्लारी पाहिल्यानंतर ही कथा आम्हाला वेगळी ऐकू येते. ढिगारा, आणि त्यावर कान लावून बसलेला माणूस.

तेव्हा चोखोबांना जाऊन सांगायचं का, की बाबा, देव तर आत आहे, बाहेर थांबलास म्हणून काय बिघडलं? असं सांगणारे होते. आजही आहेत. आत्मजाणिवेचा हा सगळ्यात स्वस्त उपयोग आहे : दार बंद ठेवणाऱ्यानं बाहेरच्याला अध्यात्म शिकवायचं. पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं. गुरुजींचं अंतःकरण कमी का आध्यात्मिक होतं? पण त्यांना कळत होतं की काही ठिकाणी आत बघायचं असतं आणि काही ठिकाणी कुलूप बघायचं असतं. कुणी 'देवानं मला टाकलं' म्हणत आला, तर आधी हे विचारून घ्यावं की टाकलं कुणी.

पुन्हा नामदेवांकडे. विसोबांकडून परतल्यावर काय झालं याची एक कथा आम्हाला फार आवडते. नामदेव काही दिवस देवळात गेलेच नाहीत. शेवटी विठ्ठल स्वतः विचारत आला की येणं का बंद केलंस? नामदेवांनी उलट विचारलं की तू नाहीस अशी जागा कोणती, ते आधी सांग. म्हणजे आता टाकलं कुणी कुणाला? देवालाच करमेनासं झालं! आमच्या वारकऱ्यांचा हा विनोद पंडितांना सुचला नसता.

दुसरी कथा कुत्र्याची. नामदेवांची भाकरी कुत्र्यानं पळवली, तर हे तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. लहानपणी देवानं माझ्या हातचं खावं म्हणून डोकं आपटायला निघालेला तोच माणूस. आता हातचं हिसकावून नेणाऱ्यामागे तूप घेऊन धावतो. मधे औंढा आहे.

पण म्हणून नामदेवांचं रडणं थांबलं, असं समजू नका. १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. वर्षभराच्या आत सोपान, मुक्ताबाई, निवृत्तिनाथ सगळे गेले. त्याच १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला. पुढच्या बावीस-तेवीस वर्षांत यादवांचं राज्य संपलं. ज्या मित्रांबरोबर हिंडले ते गेले, ज्या राज्यात वाढले ते गेलं. समाधीच्या प्रसंगाचे जे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत, ते आत्मज्ञानी माणसाचे कोरडे उद्गार नाहीत. त्यांत आक्रोश आहे. आत्मजाणीव झाली की दुःख होत नाही, हे कुणीतरी नंतर पसरवलेलं दिसतं. पक्क्या मडक्यातही पाणी असतंच. मडकं विरघळत नाही, एवढा फरक.

आणि त्यानंतर हा माणूस पन्नासेक वर्षं जगला. चालत राहिला. उत्तरेत गेला, पंजाबात घुमानला राहिला असं तिथली परंपरा सांगते. २०१५ साली अठ्ठ्याऐंशीवं साहित्य संमेलन घुमानला भरलं ते याच धाग्यानं. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची पदं आली. आज गुरू ग्रंथ साहिबात ती एकसष्ट आहेत. आणि १७०८ साली आपल्या नांदेडला, गोदावरीकाठी, गुरू गोविंदसिंगांनी यापुढे ग्रंथच गुरू असं सांगितलं. नर्सीहून निघालेले शब्द चारशे वर्षं हिंडून नांदेडला गुरू होऊन आले. कच्चं म्हणून ज्याला मंडळीतून उठवलं, त्याचे शब्द. हजूर साहिबला आपण इतक्या वेळा जातो, पण हे आमच्याही फार उशिरा ध्यानात आलं.

युरोपातल्या साधकांकडेही असा अनुभव आहे. स्पेनमधले क्रूसभक्त योहान यांना त्यांच्याच संघाच्या बंधूंनी १५७७ साली तोलेदोला कोंडून ठेवलं होतं. त्यांनी या अवस्थेला आत्म्याची काळोखी रात्र म्हटलं. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात कळलं की काही दशकं त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती आणि त्या काम करत होत्या. गुरुदेव रानड्यांनी १९३३ च्या महाराष्ट्रीय संतांवरच्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात हीच संज्ञा तुकोबांना लावली. आम्ही रानड्यांना मानतो, विद्यार्थिदशेत तो ग्रंथ आम्ही जवळजवळ पाठ केला होता. पण एक तक्रार आहे. रानड्यांच्या मांडणीत ही रात्र साधकाची एकट्याची होते. तुकोबांची तशी नव्हती. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात अन्न अन्न करत बायको गेली, मूल गेलं, तेव्हा पुणे प्रांतात घराघरात तीच रात्र होती. आणि परंपरा सांगते की तुकोबांनी आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत टाकली, पडकं देऊळ बांधायला घेतलं. भंडाऱ्यावरचं एकांतातलं चिंतन आणि कुणब्यांच्या माथ्यावरचं कर्ज बुडवणं, यातलं एक घेऊन दुसरं सोडता येत नाही.

जनाबाई तर रात्रीचा विचार करायलाही मोकळ्या नव्हत्या, त्यांना दळायचं होतं. गंगाखेडची पोर, नामदेवांच्या घरी लहानपणीच आलेली. तिनं देवाला खुशाल अरे-तुरे केलं, शिव्या घातल्या. टाकलेल्या माणसानं देवाशी भांडावं, याची परवानगी आपल्याकडे बाईनं, तीही घरकामाच्या बाईनं, मिळवून ठेवली आहे. आम्हा प्राध्यापकांना त्यावर स्वतंत्र व्याख्यान द्यावं लागेल. आज नाही.

२०२० साली वारी पायी निघाली नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या. देऊळ मार्चमध्ये बंद झालं ते नोव्हेंबरात उघडलं. त्या आषाढीला आमच्या ओळखीचे एक वारकरी फोनवर म्हणाले, "सर, तीस वर्षांत पयल्यांदा त्येनं बोलावलं नाही." आम्ही या वेळी काही समजावून सांगितलं नाही. विचारलं, मग काय करताय? म्हणाले, कोळपं धरलंय.

आणि ते किल्लारीकडचे म्हातारे. वर्षा-दीड वर्षानं आम्ही पुन्हा गेलो होतो, पत्र्याच्या शेडमध्ये भेटले. शेजारच्या घरातली दोन लेकरं त्यांच्याकडे राहत होती, त्यांचं कुणी उरलं नव्हतं. आम्ही धीर करून म्हटलं, बाबा, तेव्हा तुम्ही एक विचारलं होतं, आम्हाला उत्तर देता आलं नाही. त्यांना आठवतच नव्हतं. मग म्हणाले, "रातच्याला बारकं दचकून उठतंय. मंग मी उठतो. माज्या अंगात जीव न्हाई सर, पर आतून कुणीतरी उठिवतंय. ते कोन हाय, मी इचारत न्हाई." देवघर होतं का त्या शेडमध्ये? आम्ही पाहिलं नाही. चहा घेतला आणि निघालो.

आमचं बोलणं संपलं. प्रश्न असतील तर घेऊ.

*(एका श्रोत्यांनी विचारलं : औंढ्यानंतर नामदेव पंढरपूरच्या देवळात पुन्हा गेले की नाही?)*

गेले, गेले. आयुष्यभर जात राहिले, कीर्तनात नाचत राहिले. देव सर्वत्र आहे म्हणून देवळात जायचं नाही, असा हिशेब त्यांनी केला नाही. सर्वत्र आहे तर तिथंही आहेच की. फक्त शेवटी त्यांनी जागा मागितली ती गाभाऱ्यात नव्हे, महाद्वाराच्या पायरीशी. नामदेव पायरी. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाची धूळ लागावी म्हणून. आता लोक तिच्यावर पाय देत नाहीत, डोकं टेकवतात, हा भाग वेगळा. आणि समोरच चोखोबांची समाधी आहे. दोघंही दाराच्या बाहेर. दोन्हींच्या मधे किती पावलं आहेत ते मोजायचं आम्ही दर खेपेला ठरवून जातो आणि गर्दीच्या रेट्यात राहून जातं. तुमच्यापैकी कुणी मोजली तर कळवा.